गांबियात नवे आहात? सरकार कसं चालतं आणि तुमचा कागद कुठे अडतो

काजू बीच्या हंगामात चंदगड, कुडाळ, वेंगुर्ल्याकडून किंवा गोव्यातून गांबियात उतरलेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "इथं सगळं प्रेसिडेंटच्या हातात. वरची ओळख काढा." दुसरा म्हणतो, "सरकार-बिरकार सोडा हो, गावच्या अल्कालोला (गावप्रमुखाला) भेटा, काम झालंच म्हणून समजा." दोघंही अर्धं खरं सांगतात, आणि त्या अर्ध्या खऱ्यापायीच लोकांचे पैसे आणि आठवडे वाया जातात. सत्ता वर एकवटलेली आहे हे खरं, पण परक्या माणसाचा कागद खालूनच सुरू होतो. मंत्रालयातून सुरुवात केलीत तर तिथला कारकून तुम्हाला खालीच पाठवणार. आणि अल्कालोपाशीच थांबलात, तर पुढे कधीतरी कोणीतरी त्या कागदाकडे बघून मान हलवणार.

हंगामापुरते आलात (इथे एप्रिल ते जुलै) तरी पुढचं उपयोगी पडेल. गोडाऊन, दुकान किंवा घर घेऊन राहणार असाल, तर सावकाश वाचा.

आधी हे जवळ ठेवा

- पासपोर्ट, आणि पहिल्या पानाच्या व शिक्क्याच्या पानाच्या भरपूर झेरॉक्स. झेरॉक्सचं दुकान ऑफिसपाशी असेलच असं नाही, आणि असलं तरी वीज असेलच असं नाही.
- पासपोर्ट साइज फोटो, डझनभर.
- यलो फीव्हरचं पिवळं कार्ड. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्या. हे कार्ड परतीच्या वेळीही लागणार आहे.
- भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. लागेलच असं नाही, पण मागितलं तर इथून मिळवणं फार जिकिरीचं. भारताचा गांबियाचा कारभार शेजारच्या सेनेगलमधल्या डाकारच्या दूतावासातून चालतो.
- कंपनीचं लेटरहेडवरचं पत्र, तुमचं काम काय ते स्पष्ट लिहिलेलं.
- एक जाड वही. कोणत्या ऑफिसात, कोणत्या तारखेला, कोणी काय सांगितलं ते त्यात लिहा. हे सरकारी कागदपत्र नव्हे, पण याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

१. नकाशा डोक्यात बसवून घ्या

देश केवढा? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एकत्र केले तर गांबिया त्याहून लहान भरतो. साधारण ११,३०० चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०२४ च्या जनगणनेनुसार चोवीस लाखांच्या आसपास. गांबिया नदीच्या दोन्ही काठांना धरून गेलेली एक लांब पट्टी, समुद्राची बाजू सोडली तर चहूकडून सेनेगल.

राजधानी बांजुल नदीच्या मुखाशी बेटावर आहे. स्टेट हाऊस (राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान आणि कार्यालय), क्वाड्रँगल नावाचा मंत्रालयांचा चौक, बंदर, सगळं तिथे. पण लोक राहतात, बाजार भरतो आणि तुमचा बहुतेक दिवस जातो तो सेरेकुंड्यात, म्हणजे कानिफिंग म्युनिसिपालिटीत. बांजुल आणि कानिफिंग सोडून उरलेल्या देशाचे पाच विभाग: वेस्ट कोस्ट (मुख्य ठिकाण ब्रिकामा), नॉर्थ बँक (केरेवान), लोअर रिव्हर (मानसाकोंको), सेंट्रल रिव्हर (जानजानबुरे) आणि अप्पर रिव्हर (बासे).

हे पाठ करायला सांगतोय याला कारण आहे. कुठल्याही ऑफिसात पहिला प्रश्न असतो तो "कुठल्या डिस्ट्रिक्टमधलं?" त्याचं उत्तर "सेरेकुंड्याच्या पुढे, पेट्रोल पंपाजवळ" असं दिलंत तर पुढचा अर्धा तास त्यातच जातो.

वेळ: सरकारी ऑफिसं सोमवार ते गुरुवार सकाळी ८ ते दुपारी ४, शुक्रवारी फक्त साडेबारापर्यंत. आधीचे राष्ट्राध्यक्ष याह्या जामे यांच्या काळात २०१३ पासून शुक्रवारी पूर्ण सुट्टी होती, २०१७ मध्ये नव्या सरकारने अर्धा दिवस परत आणला. पण शुक्रवारच्या नमाजाआधीच्या तासात कोणी नवीन फाइल हातात घेईल ही आशा धरू नका. रमजानमध्ये आणि तोबास्कीच्या (बकरी ईदला इथे हेच नाव) आठवड्यात तर मुळीच नको.

२. आपल्या दिल्लीसारखं समजू नका

आपल्याला सवय असते की मंत्री म्हणजे खासदार किंवा आमदार. इथे तसं नाही. गांबिया १८ फेब्रुवारी १९६५ ला स्वतंत्र झाला, २४ एप्रिल १९७० ला प्रजासत्ताक झाला आणि सध्या १९९७ ची राज्यघटना चालते. तिच्यानुसार राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी पाच वर्षांसाठी निवडला जातो, आणि उपराष्ट्राध्यक्ष, मंत्री, विभागांचे गव्हर्नर हे सगळे तो नेमतो. मंत्री झालेल्या माणसाला संसदेचं सदस्य राहता येत नाही. त्यामुळे "आमच्या भागाचा खासदार मंत्र्यांच्या जवळचा" हे वाक्य इथे आपल्याकडच्या वजनाचं नाही.

दोन गोष्टी इथल्या चर्चेत सारख्या येतात. एक, राष्ट्राध्यक्षाने किती वेळा निवडून यावं याला या घटनेत मर्यादा नाही. दोन, निम्म्याहून जास्त मतं मिळालीच पाहिजेत अशी अट नाही, सर्वांत पुढे असेल तो जिंकतो. २०१६ मध्ये अडामा बॅरो जिंकले ते ४३ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन. हे बदलण्यासाठी नव्या घटनेचा मसुदा झाला, पण सप्टेंबर २०२० मध्ये तो संसदेत पडला. ३१ मतं बाजूने, २३ विरोधात, आणि हवं होतं तीन चतुर्थांश बहुमत. जुलै २०२५ मध्ये दुसरा मसुदाही त्याच अडथळ्याला अडकला. कोणी "नवीन घटनेत अमुक आहे" म्हणून तुम्हाला काही विकत असेल, तर समजून जा.

३. नॅशनल असेंब्ली: ५८ खुर्च्या

एकच सभागृह. ५३ सदस्य मतदारसंघांतून निवडून येतात, ५ राष्ट्राध्यक्ष नेमतो, आणि सभापती व उपसभापती या नेमलेल्या पाचांतूनच निवडायचे असतात. एप्रिल २०२२ च्या निवडणुकीत बॅरो यांच्या एनपीपी पक्षाला १८, उसाइनू दार्बो यांच्या यूडीपी पक्षाला १५ आणि अपक्षांना तब्बल १२ जागा मिळाल्या.

नेमलेले सदस्य म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या मुठीतले असं वाटेल, पण तेही पूर्ण खरं नाही. २०१९ मध्ये एका नेमलेल्या महिला सदस्याचं पद राष्ट्राध्यक्षांनी काढून घेतलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जानेवारी २०२० मध्ये कोर्टाने ते काढणं घटनाबाह्य ठरवलं.

असेंब्लीची बांजुलमधली इमारत भारताने दिलेल्या सवलतीच्या कर्जातून उभी राहिली आहे. २०१९ मध्ये आपले तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी तिथे भाषणही केलं. ओळख करून देताना हा धागा चांगला चालतो. बाकी व्यापाऱ्याला या सभागृहाशी थेट काम फारसं पडत नाही. तुमच्या धंद्यावर परिणाम करणारा कर किंवा निर्यातीचा नियम येत असेल तर तो कुठल्या समितीकडे गेलाय तेवढं पाहा. खरी चर्चा समितीत होते. मुलींच्या खतन्यावरची २०१५ ची बंदी उठवणारं विधेयक मार्च २०२४ मध्ये मोठ्या बहुमताने समितीकडे गेलं, तेव्हा बंदी गेलीच असं सगळे धरून चालले होते. समितीचा अहवाल आला आणि जुलैमध्ये विधेयक पडलं.

४. अल्कालो, सेफो, गव्हर्नर: खरा क्रम इथे

हा भाग घाईने वाचू नका.

प्रत्येक गावाला अल्कालो असतो. आपल्याकडचा पोलीस पाटील आणि जुना गावचा पाटील एकत्र केला तर जो होईल, तसं काहीसं. बहुतेक ठिकाणी गाव वसवणाऱ्या घराण्यातच ते पद राहतं, पण तो नुसता मानाचा माणूस नाही. घटनेत आणि कायद्यात त्याचं पद आहे आणि नेमणूक सरकारकडून होते. त्याच्यावर डिस्ट्रिक्टचा प्रमुख सेफो, त्याची नेमणूक राष्ट्राध्यक्षाच्या हातात. सेफोच्या वर विभागाचा गव्हर्नर, तोही नेमलेला. आणि सर्वांच्या वर जमीन, प्रादेशिक प्रशासन आणि धार्मिक बाबी सांभाळणारं मंत्रालय. म्हणजे गावातल्या आंब्याखालच्या खुर्चीपासून स्टेट हाऊसपर्यंत एकच साखळी आहे. "परंपरा वेगळी, सरकार वेगळं" असं इथे समजलात तर चुकाल.

राहण्याचा दाखला, जमिनीच्या व्यवहाराची साक्ष, शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडण, सगळ्याची पहिली सही अल्कालोची. ही सही किती किमती आहे ते २०२१ मध्ये दिसलं. बांजुल शहरात अल्कालो नाहीत, म्हणून मतदार नोंदणीसाठी लागणारे दाखले शहराच्या मेयर देत होत्या. हायकोर्टाने सांगितलं, मेयरला हा अधिकार नाही, कायद्यात नाव अल्कालो आणि सेफोचं आहे. थेट लोकांनी निवडून दिलेल्या मेयरची सही चालली नाही.

भेटीला कसं जायचं? एकटे जाऊ नका. त्या गावातला, निदान त्या भागातला कोणीतरी सोबत घ्या, तोच तुमची ओळख करून देईल. सकाळी किंवा दुपारी साडेचारनंतर जा. कोला नट्स घेऊन जा. बाजारात खाकी कागदाच्या पुडीत मिळतात, कडक आणि ताजे बघून घ्या. ही भेट आहे, लाच नाही, आणि तिच्याबरोबर नोटा ठेवायची गरज नसते. दाखल्याची फी असेल तर ती शेवटी, शिक्का मारल्यावर, सर्वांसमोर विचारून द्यायची.

अंगणात शिरताना "सलाम आलेकुम". मग कामाचा शब्द काढू नका. मांदिंका जमातीचं घर असेल तर "सुमोलु ले?" म्हणजे घरचे कसे आहेत, आणि उत्तर येतं "इबि जे", आहेत. मग आई कशी, मुलं कशी, काम कसं, सगळ्यांची विचारपूस. आपल्या माणसाला वाटतं वेळ चाललाय. नाही, तुमची मुलाखत चालली आहे. एवढ्यात आताया, म्हणजे छोट्या किटलीत उकळून उकळून कडू केलेला हिरवा चहा, छोट्या ग्लासात येईल. तो प्या. त्यानंतर तुमच्यासोबतचा माणूस विषय काढेल. अल्कालो घरातून पत्र्याचा डबा मागवेल, त्यात शिक्का, इंकपॅड आणि नोंदींची वही. तुमचं नाव वहीत चढलं का ते बघा. नुसता सुटा कागद घेऊन उठू नका. अल्कालो बदलला किंवा वारला, तर पुढे ती वहीच तुमच्या बाजूने उभी राहते.

नेहमीचा फसवा प्रकार: "मी अल्कालोचा पुतण्या, तो म्हातारा आहे, सही मीच करतो." आजारपणात दुसरा कोणी काम बघतो हे खरंही असू शकतं. मग सेफोकडे जाऊन विचारा, या गावात सध्या कोण सही करतं? त्यात कोणाला राग येत नाही.

५. कौन्सिल: इथे मात्र निवडून आलेले लोक

नेमलेल्या साखळीच्या शेजारी दुसरी, निवडून आलेली यंत्रणा आहे. आठ कौन्सिल: बांजुल सिटी, कानिफिंग म्युनिसिपल, आणि ब्रिकामा, केरेवान, मानसाकोंको, कुंताउर, जानजानबुरे, बासे ही एरिया कौन्सिलं. मेयर किंवा चेअरमन थेट मतांनी, चार वर्षांसाठी. मागची निवडणूक २०२३ मध्ये झाली. २०१८ मध्ये रोही मलिक लो बांजुलच्या पहिल्या निवडून आलेल्या महिला मेयर झाल्या, २०२३ मध्ये पुन्हा आल्या.

तुमच्या दृष्टीने कौन्सिल म्हणजे ट्रेड लायसन्स, जागेचा वार्षिक कर आणि बाजारातली रोजची "ड्यूटी". तिकीट घेतल्याशिवाय ड्यूटी देऊ नका, आणि वर्षाची पावती दुकानात समोर लावा. कौन्सिलची हद्द ओलांडून माल साठवलात तर तिथलं वेगळं लायसन्स मागू शकतात. सेरेकुंड्यात दुकान आणि ब्रिकामाकडे गोडाऊन, म्हणजे दोन कौन्सिलं.

६. राहण्याचा आणि धंद्याचा परवाना

क्रम असा धरा:

आधी धंद्याची नोंदणी, बांजुलमध्ये न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या नोंदणी कार्यालयात. मग गांबिया रेव्हेन्यू अथॉरिटीकडून टिन, म्हणजे करदात्याचा नंबर. मग कौन्सिलचं लायसन्स. नोकरीवर आला असाल तर कंपनीने परदेशी कामगारांच्या कोट्यातून तुमची जागा मंजूर करून घ्यावी लागते आणि तुमच्यासाठी वेगळा वार्षिक कर भरावा लागतो. हे काम मालकाचं आहे, पण विचारायचं तुम्ही. कोटा नसताना आणलेला माणूस तपासणीत सापडला तर मालक हात वर करतो. शेवटी इमिग्रेशनकडून रेसिडेंट परमिट, आणि ते दर वर्षी नूतनीकरण.

सेनेगल किंवा नायजेरियाच्या माणसाला जे सांगितलं ते तुम्हाला लागू नाही, एवढं ध्यानात ठेवा. ते इकोवासचे (पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघाचे), त्यांची ये-जा मोकळी आणि फी वेगळी.

एजंट लागतोच का? बहुतेक वेळा नाही. सगळा कारभार इंग्रजीत आहे आणि काउंटरवरची माणसं बोलायला बरी असतात. एजंट घेतलात तरी पावतीवर तुमचंच नाव हवं. "पावती नंतर देतो" म्हणणाऱ्याला पैसेही नंतर द्या.

हायवेवर पोलीस, इमिग्रेशन आणि ड्रग विभाग यांची वेगवेगळी नाकी लागतात. परमिटची झेरॉक्स गाडीत ठेवा. स्टेट हाऊस, लष्कर, नाकी यांचे फोटो काढू नका.

७. जमीन आणि गोडाऊन: सर्वांत जास्त पैसे इथे बुडतात

एकच प्लॉट दोघा-तिघांना विकणं हा इथला जुना रोग आहे, आणि तो फक्त परदेशी माणसालाच होतो असं नाही. परदेशात राबून पैसे पाठवणारे गांबियनही यात सापडतात.

समजून घ्या: पूर्ण मालकीची जमीन थोडी, तीही मुख्यतः बांजुल-कानिफिंग भागात. बाकी जमीन एक तर सरकारकडून भाडेपट्ट्याने, ९९ वर्षांपर्यंत, किंवा रूढीने एखाद्या घराण्याकडे असलेली. रूढीच्या जमिनीत विकणारा एकटा मालक क्वचितच असतो. मागे पूर्ण कुटुंब असतं, चुलते, भाऊ, इटलीत गेलेला पुतण्या. एका भावाने विकली आणि दुसरा वर्षभराने आला, ही गोष्ट गावोगाव ऐकाल.

म्हणून पैसे देण्याआधी: कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांना एकत्र भेटा. अल्कालोला विचारा, या तुकड्यावर आधी कोणाच्या नावाने कागद काढलाय का, आणि वही दाखवायला सांगा. शेजारच्या दोन्ही कंपाउंडवाल्यांना विचारा, ही पायरी फुकटची आहे आणि सर्वांत खात्रीची. मग खरेदीचा कागद: विकणारा, घेणारा, साक्षीदार, अल्कालो, सेफो, आणि एरिया कौन्सिलचा शिक्का. कौन्सिलपाशी थांबू नका. जागा मोठी असेल तर भूमी विभागाकडे भाडेपट्ट्यासाठी अर्ज करा. बांधकामाआधी फिजिकल प्लॅनिंगची परवानगी. परवानगी नसेल तर ते लोक येऊन भिंतीवर लाल रंगाने खूण करून जातात, आणि त्यानंतर बुलडोझर आलेला मी पाहिला आहे. त्या घरमालकाकडे अल्कालोचा कागद होता.

माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं जमीन घेऊच नका. गोडाऊन भाड्याने घ्या. भाडेकरार लेखी करा. मालक सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं भाडं आगाऊ मागेल. देताना पावती, आणि करारात छत गळलं तर दुरुस्ती कोणाची हे स्पष्ट. काजू बीच्या पोत्यांवर जूनचा पहिला पाऊस पडला की मालकाचा फोन लागत नाही.

८. तंटा झाला तर

लहान भांडण अल्कालोकडे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पोलीससुद्धा कधी कधी तिकडेच पाठवतात. रूढीच्या जमिनीचा वाद सेफोच्या डिस्ट्रिक्ट ट्रायब्युनलकडे जातो. मुस्लिम कुटुंबांचं लग्न, तलाक, वारसा कादी कोर्टात. घरभाड्याचा वाद रेंट ट्रायब्युनलमध्ये. बाकी मॅजिस्ट्रेट, हायकोर्ट, कोर्ट ऑफ अपील आणि सुप्रीम कोर्ट, ब्रिटिश धर्तीवर.

पोलिसांनी चौकशीला बोलावलं आणि प्रकरण जामिनापर्यंत गेलं, तर बहुतेक वेळा गांबियन नागरिक जामीनदार मागतात. रात्री अकरा वाजता फोन करता येईल असा एक तरी इथला माणूस ओळखीचा असू द्या. हे नातं अडचणीच्या दिवशी जुळत नाही, त्याच्या घरच्या बारशाला आधी जाऊन आलेलं असावं लागतं.

सरकारी ऑफिसने विनाकारण छळलं तर ओम्बुड्समनकडे लेखी तक्रार करता येते. आपल्या माहिती अधिकारासारखा कायदाही २०२१ पासून आहे, पण त्याच्या भरवशावर एखादी तारीख गाठायची असेल तर नको.

९. निवडणुकीचा हंगाम

हा भाग मला स्वतःला सर्वांत आवडतो. पुढची अध्यक्षीय निवडणूक ५ डिसेंबर २०२६ ला ठरलेली आहे, म्हणून जरा विस्ताराने.

१९६० च्या दशकापासून इथे मतदान काचेच्या गोटीने होतं. वाचता न येणाऱ्यालाही बिनचूक मत देता यावं म्हणून. पडद्यामागे लोखंडी ड्रम मांडलेले असतात, प्रत्येक उमेदवाराचा एक, पक्षाच्या रंगात रंगवलेला, वर उमेदवाराचा फोटो. मतदार बोटाला शाई लावून घेतो, हातात एक गोटी मिळते, ती आपल्या उमेदवाराच्या ड्रमच्या वरच्या नळीतून सोडायची. आत घंटा बसवलेली असते, गोटी तिच्यावर आपटते आणि "टिंग" असा आवाज बाहेर ऐकू येतो. एकदाच वाजला पाहिजे. तळाशी वाळू किंवा भुसा घातलेला असतो, म्हणजे गोटी पडल्यावर दुसरा आवाज येत नाही. दोनदा घंटा वाजली तर बाहेर बसलेल्या अधिकाऱ्याला लगेच कळतं. याच कारणाने मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकलला बंदी असते. मोजताना भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये गोट्या ओततात. ट्रेला २०० किंवा ५०० भोकं, ट्रे भरला की आकडा तयार. २०१६ पासून मोजणी मतदान केंद्रावरच होते. प्रतिनिधी आणि निरीक्षक समोर उभे असतात आणि आकडा तिथेच जाहीर होतो.

या साध्या व्यवस्थेने २०१६ मध्ये २२ वर्षं सत्तेवर असलेल्या याह्या जामेंना हरवलं. १ डिसेंबरला मतदान, दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्हीवर पराभव मान्य केला, आणि ९ डिसेंबरला शब्द फिरवला. १९ जानेवारी २०१७ ला बॅरो यांनी शपथ घेतली ती डाकारमधल्या गांबियन वकिलातीत, आणि इकोवासचं सैन्य आत शिरल्यावर २१ जानेवारीला जामे इक्वेटोरियल गिनीला निघून गेले. त्या आठवड्यांत हजारो माणसं घरं सोडून सेनेगलकडे गेली होती. २०२१ मध्ये बॅरो ५३ टक्के मतांनी पुन्हा निवडून आले, तेव्हा वातावरण शांत होतं.

तुमच्यासाठी नियम:

कपड्यांचे रंग सांभाळा. पिवळा यूडीपीचा, करडा एनपीपीचा, हिरवा जामेंच्या एपीआरसीचा. साधा पिवळा टी-शर्ट घालून प्रचाराच्या दिवसांत बाजारात गेलात तर चार जण हात हलवतील आणि चार जण तोंड फिरवतील. पक्षाचं नाव छापलेला फुकटचा टी-शर्ट तर घरात पुसायलाही ठेवू नका.

देणगी कोणत्याच पक्षाला नको. "सगळेच व्यापारी देतात" म्हणतील. मशिदीला, शाळेला, फुटबॉल टीमच्या जर्सीला द्या.

मतदानाच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा माल हलवायचं नियोजन करू नका. रोकड, डिझेल आणि तांदूळ आधी भरून ठेवा. मोर्चा दिसला की गल्ली बदला. इथे मोर्चालाही आणि लाउडस्पीकरलाही पोलीस परवानगी लागते. हेच गणपतीलाही लागू: दोन-चार घरं मिळून बसवणार असाल आणि आरतीला स्पीकर लावणार असाल, तर आधी पोलीस स्टेशनला अर्ज, आणि शेजारच्या मशिदीच्या इमामाला स्वतः जाऊन सांगणं.

१०. गप्पांमध्ये

जामेबद्दल स्वतःहून मत देऊ नका. २०१९ ते २०२१ या काळात ट्रुथ कमिशनपुढे लोकांनी त्यांच्या राजवटीतल्या छळाच्या, खुनांच्या साक्षी दिल्या, घराघरांत त्या लाइव्ह पाहिल्या गेल्या. तुमच्यासमोर चहा पिणाऱ्याच्या घरातला कोणी त्यात मेलेला असू शकतो, किंवा त्याच काळात नोकरीला लागलेला. जमातीवरूनही नाही. मांदिंका, फुला, वोलोफ, जोला एकमेकांच्या आडनावांवरून खूप चेष्टा करतात, पण ती त्यांची आपसातली ठरलेली चेष्टा आहे.

एक विषय भारतीयांपुढे निघतोच. २०२२ मध्ये हरयाणात बनलेल्या खोकल्याच्या सिरपशी जोडलेले सुमारे सत्तर लहान मुलांचे मृत्यू. असेंब्लीच्या आरोग्य समितीने चौकशी केली, पालक कोर्टात गेले. कोणी विचारलं तर कंपनीची किंवा देशाची वकिली करू नका, ऐकून घ्या. आणि भारतातून येताना "जरा एवढं औषध घेऊन ये" म्हणून कोणी बाटल्या दिल्या तर घेऊ नका. स्वतःची औषधं तेवढी, प्रिस्क्रिप्शनसह.

११. परत जाताना

परमिटची मुदत संपत आली असेल तर विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी इमिग्रेशनला जा. गोडाऊनचा करार संपवल्याचा कागद मालकाच्या सहीने घ्या, टिन नावावर असेल तर कराचा हिशेब मिटवा. अल्कालोला सांगून निघा, पुढच्या हंगामात पुन्हा त्याच अंगणात जायचं आहे. आणि यलो फीव्हरचं कार्ड सामानात नको, खिशात ठेवा. ते नसेल तर मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.